शकुंतला आणि राहून गेलेली खरेदी

मूर्तिजापूर स्टेशनावर मुंबई–हावडा मार्गाचे रूळ साडेपाच फूट अंतराचे आहेत. त्याच स्टेशनातून अडीच फूट अंतराच्या रुळांच्या दोन लाइनी निघतात. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट करत सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूरला जाते. ती 76 किलोमीटरची. दुसरी दक्षिणेला कारंजा, दारव्हा, लाडखेड करत यवतमाळला जाते. ती 113 किलोमीटरची. दोन्ही मिळून वऱ्हाडची शकुंतला. गेल्या दशकात आधी यवतमाळकडची गाडी थांबली, मग अचलपूरकडचीही. तेव्हापासून अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर या गावांत गाडी परत सुरू करा म्हणून निवेदने गेली, धरणी झाली, सत्याग्रह झाले. लोक एकच प्रश्न विचारत आले आहेत: शकुंतला कधी सुरू होणार?

या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत, कारण लाइनी दोन आहेत आणि त्यांचे भवितव्य आता सारखे राहिलेले नाही. त्याआधी मात्र एका जुन्या कागदाचा निकाल लागायला हवा. गाडी थांबली ती प्रवासी नव्हते म्हणून, असे सांगितले जाते. माझ्या मते तिचे मरण त्याच्या कितीतरी आधी, तिची मालकी जिथल्या तिथे राहू दिली त्या दिवशीच ठरले होते.

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि त्यांना हवा होता तो इथला कापूस. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे इकडे वळले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब–खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला आले. एका तालुक्याच्या गावापर्यंतची आखूड लाइन उघडायला व्हाइसरॉय येतो, यावरून त्या गावच्या कापूस बाजाराचे मोल कळते. मुख्य मार्गापासून दूर असलेला कापूस मात्र अजून बैलगाडीनेच येत होता. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरची काळी भारी जमीन, तशीच कारंजा-दारव्ह्याची. पावसाळ्यात या मातीत चाक रुतले की निघत नाही. तेव्हा किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या लाइनी टाकल्या. याच कंपनीची पुलगाव–आर्वी ही 35 किलोमीटरची आणखी एक नॅरोगेज लाइन वर्धा जिल्ह्यात होती.

नॅरोगेज निवडली ती स्वस्त म्हणून. रूळ हलके, पूल लहान, वळणे आवळ, मातीकाम थोडे. पण या स्वस्ताईची किंमत मूर्तिजापूरला मोजावी लागे. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी लहान डब्यातून उतरवायच्या आणि मोठ्या डब्यात चढवायच्या. मजुरी दुप्पट, वेळ दुप्पट, नुकसान वेगळेच. दुसरा मार्ग नव्हता तोवर हे चालले. ट्रक गावातल्या जिनिंगच्या दारात उभा राहू लागला आणि माल एकदाच चढवून एकदाच उतरवता येऊ लागला, तेव्हा मालवाहतूक गेली. शाखा लाइनीचे पोट मालावर भरते. प्रवाशांच्या तिकिटावर तर मुख्य मार्गसुद्धा जगत नाहीत. माल गेला त्या दिवसापासून शकुंतला गरिबांची गाडी झाली, आणि हिशेबाच्या वहीत तोट्याची.

तिच्याविषयी लोकांना असलेली माया मी कमी लेखत नाही. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन 1923 पासून या मार्गावर धावले ते थेट 15 एप्रिल 1994 पर्यंत. ज्या शहराच्या गिरण्यांसाठी इथला कापूस जायचा, त्याच शहरातून आलेले इंजिन सत्तर वर्षे वऱ्हाडी माणसाला बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला घेऊन गेले. नंतर डिझेल इंजिन आले. शेवटच्या काळात मोजक्या माणसांवर गाडी चालायची. गार्डच तिकीट देई, फाटक आले की गाडी थांबवून कर्मचारी खाली उतरत, फाटक लावत, गाडी पुढे काढत आणि फाटक उघडून परत चढत. एसटीच्या भाड्याच्या कितीतरी कमी पैशांत प्रवास होई. शेतमजूर, भाजीवाल्या बाया, म्हातारीकोतारी माणसे यांना वेळेपेक्षा पैसा महाग होता आणि आजही आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, तिथल्या गुरुमंदिराला येणारा भाविक याच लाइनीने येई. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे हे त्यांचे आजोळ. त्यांचा सगळा आरंभीचा मुलूख या लाइनीच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे.

आता त्या कागदाकडे. कंपनी आणि सरकार यांच्यातल्या करारात ठरावीक मुदतीने, दर दहा वर्षांनी, ही लाइन विकत घेण्याचा पर्याय सरकारला होता. 1951 मध्ये देशातल्या रेल्वेची फेररचना होऊन विभाग तयार झाले. संस्थानांच्या आणि कंपन्यांच्या बहुतेक लाइनी सरकारी झाल्या, ही राहिली. पुढेही दर दहा वर्षांनी संधी येत गेली आणि लाइन फायद्याची नाही म्हणून खरेदी टळत गेली. गाडी मध्य रेल्वे चालवायची, डबे-इंजिन तिचे, माणसे तिची; जमीन आणि रूळ कंपनीचे. दुसऱ्याच्या शेतात कोणी विहीर खणत नाही. रेल्वेने रूळ बदलले नाहीत, पूल मजबूत केले नाहीत, म्हणून वेग घटवावा लागला. वेग घटला म्हणून प्रवासी एसटीकडे आणि काळीपिवळीकडे वळला. उत्पन्न घटले म्हणून खरेदी आणखी तोट्याची दिसू लागली. 76 किलोमीटरला चार-चार तास लागू लागले, दिवसाला एकच फेरी उरली. सकाळी जाऊन काम आटोपून संध्याकाळी परत येता येत नसेल, तर ती गाडी माणसाच्या दिवसात बसत नाही.

इथे एक समज दूर केला पाहिजे, कारण आंदोलनाच्या भाषणांत तो वारंवार येतो. शकुंतलेपोटी भारत सरकार अजून इंग्रजांना रॉयल्टी देते, असे सांगितले जाते. किलिक निक्सनची मालकी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली. कंपनी मुंबईचीच आहे आणि पैसा लंडनला जात नाही. ही कथा राग आणायला सोपी पडते, पण ती मूळ प्रश्नावरून नजर हटवते. परका मालक हा अडथळा नव्हताच. मालक एक आणि चालवणारा दुसरा, दोघांपैकी कोणालाच पुढच्या तीस वर्षांसाठी पैसा घालावासा वाटत नव्हता, हा अडथळा होता.

हेच दुसरीकडे कसे वेगळे घडले ते पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तीही अडीच फुटी नॅरोगेज, तीही खासगी कंपनीची, तीही कोरडवाहू मुलखातली. पंढरपूर, लातूर, मिरज असे फाटे जोडत ती सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत वाढली. आषाढीला टपावर बसून जाणाऱ्या वारकऱ्यांची ती गाडी. 1 जानेवारी 1954 ला सरकारने ती विकत घेतली. लगेच काही सोने झाले नाही, पुढची चार-साडेचार दशके ती तशीच रखडत चालली. पण जमीन रेल्वेची होती. 1992 मध्ये देशभर एकच गेज करण्याचे धोरण आले, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी–पंढरपूर, कुर्डुवाडी–लातूर, पंढरपूर–मिरज असे तुकडे एकामागून एक ब्रॉडगेज झाले.

मग 2016 चा उन्हाळा आला. मांजरा धरण आटले, लातूर शहराचे नळ कोरडे पडले, टँकरवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून गाडी निघाली आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाइटचाच मार्ग. ती लाइन नॅरोगेजच असती तर पाण्याची गाडी तिच्यावरून जाऊच शकली नसती. लाइन बंद पडून उखडली असती तर गाडी निघालीच नसती. 1954 साली ज्यांनी खरेदीच्या कागदावर सही केली त्यांच्या मनात पाण्याची गाडी असणे शक्य नव्हते. रूळ जागेवर असण्याचा फायदा कधी आणि कशासाठी होईल, हे परताव्याच्या तक्त्यात मांडता येत नाही. रेल्वेच्या नव्या कामांना 14 टक्के परतावा हा निकष वर्षानुवर्षे लावला गेला. त्या निकषाने लातूरची पाण्याची गाडी कुठल्याच रकान्यात बसली नसती.

शकुंतलेच्या मुलखाला हे उदाहरण परके वाटू नये. दर्यापूर आणि मूर्तिजापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिण्याजोगे नाही. मूत्रपिंडाचे आजार तिथे घरोघरी आहेत आणि रुग्णाला अकोल्याला किंवा अमरावतीला आठवड्यातून दोनदा-तीनदा न्यावे लागते. अशा घराला स्वस्त आणि वेळेवर जाणारी गाडी म्हणजे काय, हे त्या घरालाच विचारावे.

पुनरुज्जीवनाच्या चर्चेत एक मत असे आहे की आहे तशी नॅरोगेजच परत सुरू करा, वारसा म्हणून जपा. याला आधार नाही असे नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या डोंगरी लाइनी जागतिक वारशात गेल्या. नेरळ–माथेरान 2019 च्या पावसात वाहून गेली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. गायकवाडांनी बडोदे संस्थानच्या काळात टाकलेली बिलिमोरा–वघई ही 63 किलोमीटरची नॅरोगेज 2020 मध्ये कायमची बंद करायचे ठरले होते, लोकांनी आवाज उठवला आणि सप्टेंबर 2021 मध्ये ती परत धावू लागली. पण या सगळ्या गाड्यांना डोंगर आहे, जंगल आहे, सुटीला येणारा पाहुणा आहे. शकुंतला सपाट पऱ्हाटीच्या रानातून जाते. मला ते रान सुंदर वाटते. दिवाळीच्या आगेमागे बोंडे फुटली की दोन्ही बाजूंना पांढरे होते. तरी त्यासाठी पुण्या-मुंबईहून माणूस येईल या भरवशावर 189 किलोमीटर चालवता येणार नाहीत. मूर्तिजापूरपासून पूर्णाकाठच्या लाखपुरीपर्यंतचा छोटा टप्पा, जुने इंजिन, लोकोशेड यांचे जतन जरूर व्हावे. ती वारसा जपण्याची गोष्ट झाली. अंजनगावच्या शेतकऱ्याला मात्र गाडी लागते ती माल आणि माणूस न उतरवता पुढे जाण्यासाठी, आणि ते काम ब्रॉडगेजच करू शकते.

2016 मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या लाइनींच्या ब्रॉडगेजसाठी 1500 कोटी रुपयांची घोषणा झाली. किलोमीटरला आठ कोटींच्या घरात पडणारा हा आकडा तेव्हाच्या मानाने वाजवी होता. त्यानंतर सर्वेक्षण, मालकी, राज्याचा वाटा अशा पायऱ्यांवर काम अडले आणि दरम्यान गाडीच बंद पडली. लाइन चार जिल्ह्यांतून जाते: अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ. लोकसभेचे तीन मतदारसंघ तिला शिवतात. प्रत्येक खासदाराच्या वाट्याला तिचा एक तुकडा येतो आणि अख्खी लाइन कोणाचीच होत नाही. खानदेशात पाचोरा–जामनेर या तशाच नॅरोगेजला बोदवडपर्यंत वाढवून ब्रॉडगेज करायचे ठरले, त्यामागे एकाच जिल्ह्याचा एकत्र आलेला रेटा होता.

म्हणून मी म्हणतो, शकुंतलेचे दोन भाग वेगळे धरून विचार करावा.

यवतमाळच्या बाजूचे चित्र वर्धा–यवतमाळ–नांदेड या 284 किलोमीटरच्या नव्या ब्रॉडगेजने पालटले आहे. 28 फेब्रुवारी 2024 ला तिचा वर्धा ते कळंब टप्पा सुरू झाला. ती लाइन यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड करत नांदेडकडे जाणार आहे. म्हणजे यवतमाळ ते दारव्हा हा शकुंतलेचा तुकडा नव्या मार्गाच्या सोबतीने जातो. तिथे दुसरी लाइन मागण्यात अर्थ नाही. ती मागणी सोडून द्यावी, हे यवतमाळच्या मित्रांना आवडणार नाही तरी सांगितले पाहिजे. उरतो दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर हा निम्म्याहून मोठा भाग. कारंज्याला समृद्धी महामार्गाचा उतार आहे, मोठी बाजार समिती आहे, पण रेल्वे नाही. हा तुकडा ब्रॉडगेज झाला तर नांदेडची लाइन थेट मुंबई–हावडा मार्गाला मूर्तिजापूरला मिळेल. पुसद-दिग्रसचा माल मुंबईकडे न्यायला वर्ध्याचा उलटा फेरा पडणार नाही. हे काम नांदेड लाइन दारव्ह्यापर्यंत पोचण्याच्या बेताने हाती घ्यावे. त्याआधी घाई केली तर ती दारव्ह्याला संपणारी आणखी एक शाखा होईल, आणि शेवट बंद असलेल्या शाखांचे काय होते ते आपण पाहिलेच आहे.

अचलपूरच्या बाजूला मात्र थांबायचे कारण नाही. 2011 च्या जनगणनेत अचलपूर शहराची लोकसंख्या एक लाख बारा हजारांवर होती. परतवाडा त्याला लागून, चिखलदरा आणि मेळघाटाचे ते दार. तिथली फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत बंद पडली ती पडली. इतक्या मोठ्या गावातून एकही रेल्वेगाडी निघत नाही. याच अमरावती जिल्ह्यात मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या गावांना नरखेड–बडनेरा ब्रॉडगेजने रेल्वे मिळाली आहे. वरुडच्या स्टेशनाला तर ऑरेंज सिटी म्हणतात आणि तिथून संत्र्याची किसान रेल दिल्लीकडे गेली. अंजनगावची केळी, पानपिंपरी, अचलपूरची संत्री आणि सगळीकडचा कापूस-सोयाबीन आजही ट्रकच्या भाड्यावर अवलंबून आहे. 76 किलोमीटर ब्रॉडगेज करावे आणि अचलपूरहून चांदूर बाजारपर्यंत पंचवीस-तीस किलोमीटर नवे रूळ टाकावेत. मग मूर्तिजापूर–अचलपूर–चांदूर बाजार–नरखेड अशी साखळी होते, आणि मुंबईकडून उत्तरेला जाणाऱ्या मालगाडीला नागपूर टाळून जाणारा आणखी एक मार्ग मिळतो. शाखा जेव्हा दोन्ही टोकांना मुख्य मार्गाला मिळते तेव्हा ती शाखा राहत नाही. शकुंतलेच्या शंभर वर्षांत एवढेच कधी झाले नाही.

अडचणी आहेत. काळ्या मातीचा भराव पावसात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. मुरूम-गिट्टीचा जाड थर आणि पाण्याचा निचरा यांवर पैसा ओतावा लागेल. पूर्णेवर नवा पूल लागेल. बनोसा (दर्यापूर), अंजनगाव इथे गाव रुळांपर्यंत येऊन भिडले आहे. तरी शेजारच्या अकोला–खंडवा मीटरगेजसारखा मेळघाटाच्या वाघांचा प्रश्न इथे नाही. ती लाइन अकोटपर्यंत 2022 मध्ये ब्रॉडगेज होऊन गाडी धावली आणि पुढे जंगलाशी येऊन थांबली, वळसा घालायचे ठरले. मूर्तिजापूर–अचलपूर वाटेत कुठेही अभयारण्य नाही, आणि बहुतेक जमीन शंभर वर्षांपासून रुळांखालीच आहे.

ब्रिटनमध्ये 1969 साली बंद झालेली एडिनबरा ते कार्लाइल ही लाइन लोकांनी दशकानुदशके मागितली. सप्टेंबर 2015 मध्ये ती परत आली, पण सगळी नाही. एडिनबरापासून ट्वीडबँकपर्यंतचा टप्पा तेवढा. गाडी अर्ध्या-अर्ध्या तासाने ठेवली, आणि पहिल्याच वर्षी अंदाजापेक्षा अधिक लोक बसले. उरलेल्या भागाची मागणी आता त्या यशाच्या जोरावर चालू आहे. आधी एक तुकडा घेतला म्हणून पुढच्या तुकड्याची आशा उरली. अचलपूरच्या बाबतीत हीच चाल योग्य वाटते.

फेऱ्यांची गोष्ट विसरू नये. ब्रॉडगेज करून दिवसाला एकच गाडी सोडली तर पाच वर्षांत पुन्हा प्रवासी नाहीत असा अहवाल येईल. डेमू किंवा मेमूच्या निदान चार-पाच फेऱ्या हव्यात आणि त्या मूर्तिजापूरला न संपता अकोल्यापर्यंत जाव्यात, कारण दवाखाना, कॉलेज, कोर्ट, बाजार सगळे अकोल्याला आहे. पहिली गाडी अचलपूरहून पहाटे निघून दहाच्या आत अकोल्याला पोचावी, शेवटची अकोल्याहून सहानंतर सुटावी.

आणि या सगळ्याच्या आधी ती खरेदी. कंपनीशी मूल्य ठरवून, वाद असेल तर लवादाकडे नेऊन, मूर्तिजापूर–अचलपूर आणि मूर्तिजापूर–दारव्हा या पट्ट्यांची जमीन रेल्वेच्या नावावर करणे. याला पूल लागत नाही, गिट्टी लागत नाही, सातबारा आणि सही लागते. रुळांवर बाभळी वाढत आहेत, शेताचे बांध सरकत आहेत, गावाजवळ टपऱ्या उभ्या राहत आहेत. दर पावसाळ्यागणिक ही जमीन मोकळी करणे अवघड होत जाईल. आंदोलन करणाऱ्यांनी पुढचे निवेदन गाडी सुरू करा असे लिहिण्याऐवजी खरेदीची तारीख द्या असे लिहावे, आणि त्यावर तिन्ही खासदारांच्या सह्या घ्याव्यात.